कातिब, कलम आणि कीबोर्ड

उर्दू वर्तमानपत्र पूर्वी हाताने लिहिले जायचे. नस्तालिक लिपीत अक्षरे तिरपी उतरतात, एकमेकांवर चढतात; खिळ्यांच्या छपाईला ती कधी नीट जमलीच नाही. म्हणून कातिबांना आपली रोजी पक्की वाटायची. मग मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे 20 हजार अक्षरजोड हाताने लिहून मोनोटाइपसाठी ‘नूरी नस्तालिक’ घडवली. 1981 मध्ये लाहोरचा ‘जंग’ तिच्यात निघाला. कातिबांची कलम थांबवणारी अक्षरे एका खुशनवीसाचीच होती, हे मला अजून चटका लावते. 1994 मध्ये भारतात ‘इनपेज’ आले आणि साध्या संगणकावर उर्दू पान लागू लागले.

वर्गात हे सांगितले की मुले म्हणतात, “सर, आम्हाला मोबाइल येतो ना!” येतो, खरे आहे. पण माझ्या एका विद्यार्थिनीने नोकरीचा पहिला अर्ज जुन्या इनपेजमध्ये टाइप करून ईमेलमध्ये चिकटवला, तर तिथे नुसती भलतीच चिन्हे उमटली. युनिकोड हा शब्द तिने तेव्हा प्रथम ऐकला. बारा वर्षे शाळेत होती, आणि शिकवणारा मीच होतो. आता दहावीच्या सुट्टीत मी युनिकोडमध्ये उर्दू-मराठी टायपिंग घेतो. पहिल्या दिवशी मुले एका बोटाने टाइप करतात.