अलोहा शर्ट : सुटीतील पोशाखाचा सामाजिक इतिहास
(हवाई बेटे, १८२० ते १९६६)

प्रस्तावना

पोशाखाचा इतिहास लिहिताना अभ्यासकांचे लक्ष प्रामुख्याने राजदरबार, धर्मविधी, लष्कर आणि राष्ट्रीय चळवळी यांच्याकडे वळते. खादीचा इतिहास लिहिला जातो, पगडीचाही लिहिला जातो. परंतु मनुष्य सुटीवर जाताना जे सैल, हलके आणि रंगीत कपडे निवडतो, त्यांना इतिहास असतो असे सहसा मानले जात नाही. विश्रांतीचा पोशाख हा केवळ आवडीचा व सोयीचा विषय समजला जातो. वास्तविक उष्ण हवेच्या प्रदेशात सुटीसाठी निवडला जाणारा पोशाख श्रम, स्थलांतर, वसाहतवाद आणि बाजारपेठ यांच्या परस्परसंबंधातून घडलेला असतो. या विधानाची तपासणी करण्यासाठी पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर उदयास आलेल्या ‘अलोहा शर्ट’ या वस्त्राइतके उपयुक्त उदाहरण क्वचितच सापडेल.

आखूड बाह्या, उघडी कॉलर, सरळ कापलेला घेर आणि मोठमोठ्या फुलापानांची छपाई असलेला हा शर्ट आज जगभर सुटीचे चिन्ह बनला आहे. गोव्याच्या किनाऱ्यावरील दुकानांत टांगलेले फुलाफुलांचे शर्ट हे त्याच परंपरेचे दूरचे वंशज होत. हा शर्ट नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. प्रस्तुत निबंधाचा तोच मुख्य प्रश्न आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१. अलोहा शर्टच्या जडणघडणीतील विविध समाजगटांचा वाटा स्पष्ट करणे.
२. ‘शोधक कोण?’ या प्रश्नाची ऐतिहासिक दृष्टीने चिकित्सा करणे.
३. पर्यटकांचा पोशाख स्थानिकांच्या औपचारिक जीवनात कसा प्रविष्ट झाला, याचा मागोवा घेणे.

निबंध दुय्यम साधनांवर आधारलेला असून त्याची पद्धती वर्णनात्मक व विश्लेषणात्मक आहे.

पार्श्वभूमी : कापा, मिशनरी आणि मळे

पाश्चात्त्यांच्या आगमनापूर्वी हवाई बेटांवर विणलेले कापड नव्हते. ‘वाउके’ म्हणजे कागदी तुतीच्या झाडाची अंतर्साल भिजवून, ठोकून ‘कापा’ नावाचे वस्त्र तयार केले जाई आणि त्यावर बांबूच्या ठशांनी भौमितिक आकृत्या उमटविल्या जात. हे काम मुख्यतः स्त्रियांचे होते. १८२० मध्ये न्यू इंग्लंडमधून ख्रिस्ती मिशनरी आले आणि त्यांनी अंग झाकण्याचा आग्रह धरला. त्यातून ‘होलोकू’ हा पायघोळ झगा रूढ झाला. त्याच्या आत घालावयाचा सैल ‘मुउमुउ’ पुढे स्वतंत्र पोशाख बनला. उष्ण दमट हवेत थंड प्रदेशातील नीतिकल्पनांनुसार वेश करण्याची सक्ती हा या इतिहासातील पहिला अंतर्विरोध होय.

दुसरे वळण उसाच्या मळ्यांनी दिले. मळ्यांसाठी १८५२ पासून चीनमधून, १८७८ पासून पोर्तुगीज बेटांवरून, १८८५ पासून सरकारी करारान्वये जपानमधून आणि १९०६ पासून फिलिपिन्समधून मजूर आणले गेले. उसाच्या धारदार पात्यांपासून अंग राखण्यासाठी मजूर ‘पालाका’ नावाच्या जाड, चौकडीच्या सुती कापडाचे सदरे घालीत. निळ्यापांढऱ्या चौकडीचा हा सदरा पुढे बेटांवरील सर्वसामान्य माणसाचा ओळखीचा पेहराव झाला. जपानी कुटुंबांनी किमोनो व युकाता यांची कापडे बरोबर आणली होती. सदरा पँटच्या बाहेर मोकळा सोडण्याची रीत फिलिपिनो ‘बारोंग’वरून आली, असे मानले जाते.

याच काळात बेटांचे राजकीय स्वातंत्र्य लोपले. १८९३ मध्ये राणी लिलिउओकालानी हिची सत्ता उलथविण्यात आली, १८९८ मध्ये अमेरिकेने बेटे आपल्या राज्यात विलीन केली आणि १९०० मध्ये त्यांना ‘टेरिटरी’चा दर्जा दिला. अलोहा शर्टचा जन्म या विलीनीकरणानंतरच्या समाजात झाला, ही बाब ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

शोधक कोण?

लोकप्रिय लेखनात अलोहा शर्टचे जनकत्व एलरी चुन (१९०९–२०००) यांना दिले जाते. येल विद्यापीठातून १९३१ मध्ये अर्थशास्त्राची पदवी घेऊन परतलेले चुन होनोलुलूतील आपल्या वडिलांचे कापडदुकान चालवीत असत. उरलेल्या युकाता कापडाचे आखूड बाह्यांचे शर्ट शिवून त्यांनी ते दर्शनी खिडकीत मांडले. त्यांची बहीण एथेल हिने स्थानिक फुले व मासे यांची चित्रे रेखाटून दिली. १९३६ मध्ये चुन यांनी ‘अलोहा’ या शब्दासह आपल्या मालाची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी केली.

तथापि २८ जून १९३५ रोजी ‘होनोलुलू ॲडव्हर्टायझर’ या दैनिकात ‘मुसाशिया’ या जपानी शिंप्याच्या दुकानाची जाहिरात छापून आली होती. तीत ‘अलोहा शर्ट’ हा शब्दप्रयोग आढळतो आणि किंमत ९५ सेंटपासून पुढे दिलेली आहे. म्हणजे नोंदणीपूर्वीच हा शब्द बाजारात रुळू लागला होता. त्याही आधी, १९२० च्या दशकात, बेटांवरील तरुण विद्यार्थी युकाता कापडाचे सैल शर्ट शिवून घेत असल्याचे उल्लेख मिळतात.

या पुराव्यांवरून असे म्हणता येईल की, व्यापारचिन्हाची नोंदणी म्हणजे शोध नव्हे. नोंदणी मालकीचा पुरावा देते, उगमाचा नाही. कायदेशीर कागदपत्र टिकते म्हणून त्यावरील नाव इतिहासात टिकते. ज्या शिंप्यांनी आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रियांनी किमोनोच्या कापडाला पाश्चात्त्य शर्टचा आकार दिला, त्यांची नावे अशा कागदांवर नसतात. वस्त्रांच्या इतिहासात हे वारंवार घडते. आपल्याकडील लुगड्यांच्या विणकरांना व रंगाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

भारतीय धागा

या इतिहासात एक भारतीय धागाही गुंफलेला आहे. सिंधमधील हैदराबादचे झमनदास वाटुमल यांनी १९१४ मध्ये होनोलुलूत पौर्वात्य वस्तूंचे दुकान काढले. त्यांचे बंधू गोविंदराम १९१७ मध्ये तेथे पोहोचले आणि ‘ईस्ट इंडिया स्टोअर’ नावारूपास आले. १९३६ च्या सुमारास या दुकानाने एल्सी दास या चित्रकर्तीकडून जास्वंद, आले, रातराणी अशा बेटांवर फुलणाऱ्या फुलांच्या आकृती करवून घेतल्या आणि त्या जपानमध्ये रेशमावर छापून आणल्या. तोवर शर्टच्या कापडावर जपानी चेरी, बगळे, बांबू, फुजी पर्वत असत. जपानी आकृतींच्या जागी हवाई आकृती आणण्याच्या प्रक्रियेत एका सिंधी व्यापारी पेढीचा असा सहभाग होता.

या पेढीचा कौटुंबिक इतिहास तितकाच बोलका आहे. गोविंदराम यांनी १९२२ मध्ये एलन जेन्सन या अमेरिकन स्त्रीशी विवाह केला. एल्सी दास या एलन यांच्या भगिनी. त्या काळच्या कायद्यानुसार नागरिकत्वास अपात्र परदेशीयाशी विवाह करणाऱ्या अमेरिकन स्त्रीचे नागरिकत्व रद्द होत असे. १९२३ च्या भगतसिंग थिंद खटल्यात भारतीयांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नागरिकत्वास अपात्र ठरविले होते. एलन यांना आपले नागरिकत्व गमवावे लागले आणि कायद्यात दुरुस्ती झाल्यावर १९३१ मध्ये ते परत मिळाले. भारतीयांना अमेरिकन नागरिकत्वाचा मार्ग १९४६ मध्ये, तर जपानी स्थलांतरितांना १९५२ मध्ये खुला झाला. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून येणाऱ्या पर्यटकाला ‘हवाई’ची आठवण म्हणून जो शर्ट विकला जात होता, तो विकणाऱ्या व शिवणाऱ्या अनेकांना त्याच अमेरिकेने आपले मानलेले नव्हते. अलोहा शर्टच्या प्रसन्न रंगांमागील हे वास्तव दुर्लक्षिता येत नाही.

पर्यटन, युद्ध आणि कारखाना

१ फेब्रुवारी १९२७ रोजी वाइकिकी किनाऱ्यावर ‘रॉयल हवाईयन’ हॉटेल सुरू झाले. त्याच वर्षी मॅट्सन कंपनीचे ‘मालोलो’ हे आलिशान जहाज प्रवाशांना घेऊन येऊ लागले. १९३६ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीची प्रवासी विमाने पॅसिफिक ओलांडू लागली. लोकरी सूट घालून जहाजातून उतरलेल्या प्रवाशाला या हवेत दुसरा वेश घेणे भागच होते. कॉलर मोकळी असल्याने टायची गरज नव्हती, घेर सरळ असल्याने शर्ट बाहेर सोडता येई आणि वारा खेळता राही. सोय आणि नवलाई या दोन्ही गरजा एकाच वस्त्राने भागविल्या. १९३६ मध्येच कामेहामेहा आणि ब्रॅनफ्लीट हे तयार कपड्यांचे कारखाने स्थापन झाले आणि ऑलिंपिक विजेता जलतरणपटू ड्यूक काहानामोकू याच्या नावाने शर्ट विकले जाऊ लागले.

७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला झाला आणि जपानकडून येणारे कापड थांबले. जपानी चिन्हे अंगावर बाळगणे गैरसोयीचे ठरले. त्यामुळे जास्वंद, नारळ, डायमंड हेड टेकडी, लाटांवर स्वार तरुण अशा स्थानिक आकृतींचे वर्चस्व निर्माण झाले. युद्धकाळात बेटांवर आलेले सैनिक व खलाशी हे शर्ट घरी घेऊन गेले. ज्या शर्टला आज ‘अस्सल हवाई’ म्हटले जाते, त्याचा हा अस्सलपणा बऱ्याच अंशी युद्धजन्य परिस्थितीतून आला.

युद्धोत्तर काळात रेयॉन कापडाने या उद्योगाला बहर आणला. रेयॉन अंगावर सळसळते, गर्द रंग उत्तम धरते आणि रेशमापेक्षा स्वस्त असते. लेबनीज वंशाचे आल्फ्रेड शाहीन यांनी १९४८ मध्ये होनोलुलूत व्यवसाय सुरू केला आणि कापड आयात करून शिवण्याऐवजी छपाईही बेटांवरच करण्याची यंत्रणा उभारली. त्यांच्या चित्रकारांनी जुन्या कापा वस्त्रांवरील आकृतींचा अभ्यास करून त्या नव्या कापडावर आणल्या. १९५९ पर्यंत त्यांच्याकडे सुमारे ४०० कामगार होते. ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या १० डिसेंबर १९५१ च्या मुखपृष्ठावर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन अशाच शर्टमध्ये झळकले. १९६१ च्या ‘ब्लू हवाई’ चित्रपटाच्या ध्वनिमुद्रिकेवर एल्विस प्रेस्ली याने शाहीन यांचा शर्ट परिधान केला होता. १९२२ मध्ये दहा हजारांच्या आत असलेली वार्षिक पर्यटकसंख्या १९५९ मध्ये, म्हणजे हवाईला राज्याचा दर्जा मिळाला त्या वर्षी, सुमारे २ लक्ष ४३ हजारांवर पोहोचली.

किनाऱ्यावरून कचेरीत

सर्वांत लक्षणीय घटना मात्र पर्यटकांच्या संदर्भात नसून स्थानिकांच्या संदर्भात घडली. होनोलुलूतील कचेऱ्यांत कोट व टाय यांचाच दंडक होता. १९४६ मध्ये तेथील वाणिज्य मंडळाने उन्हाळ्यात व्यापाऱ्यांनी घालण्यायोग्य शर्टचा अभ्यास करण्यासाठी १,००० डॉलर मंजूर केले. नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांना जून ते ऑक्टोबर या काळात स्पोर्ट शर्ट घालण्याची मुभा मिळाली, पण त्यात भडक छपाईचा अलोहा शर्ट समाविष्ट नव्हता. त्याला १९४७ पासून भरणाऱ्या ‘अलोहा सप्ताहा’त प्रवेश मिळाला.

१९६२ मध्ये कापडउत्पादकांच्या संघटनेने ‘ऑपरेशन लिबरेशन’ या नावाने मोहीम उघडली आणि राज्य विधिमंडळाच्या प्रत्येक सदस्याला दोन अलोहा शर्ट भेट दिले. त्यानंतर सिनेटने उन्हाळ्यात हा पोशाख वापरण्याची शिफारस करणारा ठराव संमत केला. १९६६ मध्ये ‘अलोहा फ्रायडे’ अधिकृतपणे सुरू झाला आणि काही वर्षांतच शुक्रवारचे बंधनही उरले नाही. अमेरिकेतील ‘कॅज्युअल फ्रायडे’ची प्रथा या शुक्रवारचीच पुढची पायरी मानली जाते.

या घटनाक्रमात उत्पादकांचा आर्थिक स्वार्थ उघड आहे. तरीही तो केवळ विक्रीचा डाव होता असे म्हणणे अपुरे ठरेल. वसाहतीतील कचेरीत कोट हा अधिकाराचे चिन्ह असतो. हवामानाशी विसंगत असणे हीच त्याची प्रतिष्ठा असते. तो उतरवून स्थानिक हवेला अनुरूप शर्ट घालणे म्हणजे सभ्यतेचे मानदंड अन्यत्र ठरतात, ही समजूत नाकारणे होय. विशेष म्हणजे स्थानिकांनी हा शर्ट पर्यटकांच्या पद्धतीने स्वीकारला नाही. १९६० च्या दशकात कापडाची उलटी बाजू बाहेर ठेवणारी फिकट छपाई प्रचारात आली. तिच्यामुळे चारचौघांत, न्यायालयात व बँकेत शोभेल असा शर्ट मिळाला आणि भडक रंगांचा शर्ट पाहुण्यांचा ठरला. एकाच वस्त्राने स्थानिक व आगंतुक यांच्यात अशी सीमारेषा आखली.

मर्यादा आणि मतभेद

या इतिहासाकडे केवळ संस्कृतिसंगमाची सुखद कथा म्हणून पाहणे योग्य नाही. विदुषी हाउनानी-के ट्रास्क यांनी पर्यटनामुळे मूळ हवाईयन संस्कृती बाजारात विकली जाते, अशी कठोर टीका केली आहे. ही टीका गांभीर्याने घेतली पाहिजे. शर्टच्या निर्मितीत चिनी, जपानी, फिलिपिनो, सिंधी, लेबनीज आणि गोरे अमेरिकन दिसतात. ज्यांच्या भाषेतील ‘अलोहा’ हा शब्द व्यापारचिन्ह झाला, ते मूळ हवाईयन मात्र बहुतांशी जाहिरातीतील चित्रांत दिसतात. १८९३ च्या सत्तांतराबद्दल अमेरिकेच्या काँग्रेसने १९९३ मध्ये क्षमायाचनेचा ठराव केला, पण शब्द, आकृती व प्रतिमा यांच्या स्वामित्वाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

निष्कर्ष

१. अलोहा शर्ट हा एका व्यक्तीचा शोध नसून मळ्यावरील श्रम, आशियाई स्थलांतर आणि पर्यटन यांतून झालेली सामूहिक निर्मिती आहे.
२. व्यापारचिन्हाची नोंद हा उगमाचा पुरावा मानल्यास अनाम कारागिरांचा वाटा इतिहासातून पुसला जातो.
३. शर्टचे ‘अस्सल’ स्वरूप १९४१ नंतरच्या परिस्थितीने घडविले. त्यामुळे परंपरेचा दावा कालक्रमाच्या कसोटीवर तपासणे आवश्यक ठरते.
४. पाहुण्यांसाठी घडलेला पोशाख यजमानांनी आपल्या अटींवर स्वीकारला आणि त्यायोगे औपचारिकतेचा वसाहतकालीन अर्थ बदलला. मूळ हवाईयनांना या व्यवहारात समान वाटा मिळाला, असा निष्कर्ष मात्र काढता येत नाही.

मळ्यातील मजुराचा सदरा आणि पर्यटकाचा शर्ट यांत कापडाचे अंतर थोडे आहे. त्या दोघांच्या जीवनातील अंतर फार मोठे होते. पोशाखाच्या इतिहासकाराने या दुसऱ्या अंतराचे मोजमाप केले, तरच सुटीसारखा वरवर हलका वाटणारा विषय इतिहासाच्या कक्षेत आपले योग्य स्थान मिळवू शकेल.