रमाबाई असोसिएशन आणि शारदा सदन

उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शिक्षणासाठी अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींनी डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टन येथे स्थापन केलेली संस्था म्हणजे 'रमाबाई असोसिएशन'. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या आणि पुढे अडीच वर्षांहून अधिक काळ त्या देशात राहून, व्याख्याने देत त्यांनी हा पाठिंबा उभा केला. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' या त्यांच्या पुस्तकाच्या विक्रीचाही त्यास हातभार लागला. एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक असोसिएशनचे अध्यक्ष होते, तर उपाध्यक्षांत फ्रान्सिस विलार्ड यांचा समावेश होता. गावोगावच्या 'रमाबाई मंडळां'नी वार्षिक वर्गणी देऊन शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याचे मान्य केले.

या मदतीला एक अट होती: शाळेत धर्मशिक्षण द्यावयाचे नाही. पैसा ख्रिस्ती आणि संचालिकाही ख्रिस्ती, पण शाळा मात्र धर्मनिरपेक्ष, अशी ही रचना होती. पुढील सर्व वादाचे मूळ तिच्यातच आहे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. आनंदीबाईंच्या पदवीदानालाही तीच तारीख होती. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक म्हणजे नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई. याच गोदूबाईंशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला. १८९० मध्ये सदन पुण्यास हलले. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर असल्याने समाजाचा विश्वास होता. मात्र रमाबाईंच्या खासगी प्रार्थनेस काही मुली स्वेच्छेने बसू लागल्या. दार उघडे ठेवणे म्हणजे धर्मप्रसार नव्हे, अशी रमाबाईंची भूमिका होती. 'केसरी'ने त्यावर कठोर टीका केली. १८९३ मध्ये रानडे व भांडारकर मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. शाळा टिकली, पण पुण्यातील सुधारकांचा आधार तुटला. विधवांच्या शिक्षणाचे काम कर्वे यांनी १८९६ मध्ये वेगळ्या संस्थेद्वारे हाती घेतले, त्यामागे हा अनुभवही होता.

दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपली. जुन्या असोसिएशनची जागा 'अमेरिकन रमाबाई असोसिएशन'ने घेतली आणि धर्मशिक्षणाचे बंधन उरले नाही. तोपर्यंत दुष्काळातून आणलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुलींमुळे दौंड तालुक्यातील केडगाव हेच कार्याचे केंद्र बनले होते. तेथील 'मुक्ती' उघडपणे ख्रिस्ती संस्था होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगावलाच निधन झाले.