माळवदावरचं गोश्त

तुम्हाला जाग येते ती माळवदावर. मे 1930, सोलापूर, विजापूर वेशीजवळची एक गल्ली. रात्री उकाड्यानं खाली झोपवत नाही म्हणून सगळं घर वर येऊन झोपलेलं. पूर्वेला उजाडतंय आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटतंय. मग ध्यानात येतं, गिरणीचा भोंगा झालेला नाही. 1877 पासून जुनी मिल या गावाला उठवत आलीय. आज गाव आपलं आपण उठतंय.

गांधीजींना 5 तारखेला अटक झाली. 8 तारखेला रूपाभवानी मंदिराकडं शिंदीची झाडं तोडण्यावरून जमाव उसळला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, शंकर शिवदारे पडला. मग चौक्या पेटल्या, कोर्ट पेटलं आणि पोलीस गावातून निघून गेले. चौकात काँग्रेसचे स्वयंसेवक रहदारी सांभाळतायत. त्या वर्षी हिजरी 1348 ची बकरी ईद नेमकी याच दिवसांत आली. मुक्त सोलापूरबद्दल आपण वाचतो ते गोळीबार, झेंडे आणि खटले. मी तुम्हाला चुलीपाशी घेऊन चाललोय, कारण त्या दिवसांत माणसं जेवलीही, आणि कुणाबरोबर जेवली ते मला मोलाचं वाटतं.

खाली या. नमाज झाली, कुर्बानी झाली. अंगणात चटईवर गोश्ताचे तीन वाटे पडलेत: गोरगरिबांचा, नातलग-शेजाऱ्यांचा आणि घरचा. नानी तराजू लावत नाही, तिचा हातच तराजू आहे. सकाळपासून पोटात काही नाही. पहिला घास कुर्बानीच्या कलेजीचा, हा रिवाज. ती तव्यावर मीठ-मिरी लावून परतलेली आहे. ज्वारीच्या भाकरीत धरून दोन घासांत संपवा, कारण दालच्याला वेळ होतोय.

मटण घातलेली डाळ म्हणजे दालचा, असं ज्याला वाटतं त्यानं तो खाल्लेलाच नाही. एक शेर हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजत पडलीय. ती हळद घालून एका भांड्यात शिजते. दुसरीकडं कल्हईच्या तांब्याच्या देगचीत कांदा तांबूस झाला की आलं-लसूण, लाल तिखट आणि मग हाडाचं गोश्त: बरगड्या, नळ्या, मानेचे तुकडे. चांगलं मऊ गोश्त दुसऱ्यांच्या वाट्यांत गेलंय, घरी उरलीत ती बहुतेक हाडंच. पण दालच्याला हाडंच लागतात. नळीतला रस डाळीत उतरल्याशिवाय तिला तो जडपणा येत नाही. दोन वाटे देऊन टाकल्यावर उरलेल्या एका वाट्यात वीस माणसं जेवतात, ती या डाळीच्या जोरावर.

तुम्ही चिंचेचा कोळ उचलता, तशी नानी मनगट धरते.

"नक्को, अब्बीच नक्को! दाल गली क्या, पैले देख."

डाळीचा दाणा चिमटीत घ्या. मधे कण लागतोय. आंबट आत्ता पडलं तर तो कण तासभर शिजवूनही विरायचा नाही. तेव्हा बाभळीचं एक लाकूड मागं ओढा आणि थांबा. दाणा चिमटीत लोण्यासारखा पसरला की रवीनं घोटा, देगचीत ओता, दुधीच्या जाड फोडी सोडा, आणि त्या शिजत आल्या की मगच चिंच. शेवटी लसूण, जिरं, सुक्या मिरच्या आणि कढीपत्त्याचा बघार. वरून झाकण दाबलं की आतला चरचराट ऐकून नानी मान हलवते. पलीकडच्या चुलीवर पुदिना आणि खडा मसाला घातलेला बगारा खाना, म्हणजे फोडणीचा भात, दम खातोय.

तेवढ्यात दारात शेजारची पद्मशाली अक्का येते. हातमागावरून उठून आलेली, केसांत सुताचे तंतू. दुधी तिच्याच वेलाचा. तिचा वाटा ताटात झाकून ठेवलेला आहे. ती म्हणते, "आमच्यात आज हाच सण." नानी तिला ताट देते आणि विचारते, पोरगा आला का? पोरगा दोन दिवस मिरवणुकांत आहे. अक्का नुसती मान हलवते. दोघी क्षणभर रस्त्याकडं बघत उभ्या राहतात.

दुपारी पुन्हा माळवदावर. उरलेल्या गोश्ताच्या लांब पट्ट्या काढल्यात, त्यांना मीठ-हळद चोळलीय. दोरीवर एकेक पट्टी अंतर सोडून टाका. एकमेकींना चिकटल्या तर आतून कुजतील. सोलापूरचं मेचं ऊन दोन-तीन दिवसांत त्यांची वादी करून टाकतं. घारींना हाकलायला काठी घेऊन एक पोरगं बसवलंय. इथून किल्ल्याचा तट दिसतो. "रखने का है," नानी म्हणते, "बाजार कब्बी बंद हो सकता."

ती बरोबर म्हणत होती. 12 मे रोजी सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि लष्कर रस्त्यावर आलं. झेंडा हातात धरणं हा गुन्हा झाला. 30 जूनपर्यंत हे चाललं. बाजारात जाणं धोक्याचं झालं, तेव्हा तुम्ही त्याच वाद्या कोमट पाण्यात भिजवून, पाट्यावर ठेचून, कांद्यावर परतता. भाकरी त्यांच्याबरोबर खपते. अर्धी वाटी भिंतीवरून अक्काकडं जाते.

पुढची बकरी ईद 1931 च्या एप्रिलअखेरीस आली. त्याआधी, 12 जानेवारीला, मेमधल्या त्याच घटनांच्या खटल्यात येरवड्याच्या तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि 'गझनफर' या वृत्तपत्राचे तरुण संपादक अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चार सोलापूरकरांना फाशी दिली गेली होती.