देवाची चाकरी आणि चित्रांतले वीर

कोंकणांतल्या गांवऱ्हाटींत ज्याच्या वांट्याला मान येतो, त्याच्या वांट्याला मोकळा वेळ फारसा येत नाहीं. कौल, पालखी, जत्रा, तिची वर्गणी आणि त्या वर्गणीवरून होणारे रुसवेफुगवे यांतच मानकऱ्याचें वर्ष सरतें. मालवणाकडील चर्चच्या कारभारी मंडळावर बसणाऱ्या किरिस्तांव गृहस्थाची गोष्टही निराळी नसते. अशा माणसाला मातीचे मावळे रंगविण्याचा नाद असला, तर तो घरचीं माणसें निजल्यावर पुरवावा लागतो. आणि सकाळीं ‘हा पोरखेळ आतां पुरे’ हें ऐकावें लागतें तें वेगळेंच. देवाचें काम आणि हाताचा छंद या एका म्यानांतल्या दोन तलवारी, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. कुडाळजवळच्या पिंगुळी गांवाचा इतिहास पाहिला म्हणजे ती डळमळते. कारण तेथें वीरांचीं चित्रें रंगवून दाखविणें हीच देवाची चाकरी होती.

पिंगुळीचे ठाकर हे चित्रकथी. रामायण-महाभारतांतले प्रसंग कागदावर रंगवावयाचे, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवावयाचे, आणि एका आख्यानाचीं सारीं चित्रें एकत्र बांधून ठेवावयाचीं; या जुडग्याला पोथी म्हणतात. एकजण वीणा घेऊन कथा गातो व चित्रें एकामागून एक पुढें करतो. साथीला हुडुक आणि टाळ. या चित्रांत युद्धें पुष्कळ. योद्ध्याचा चेहरा एका बाजूनें काढलेला, डोळा भलताच मोठा, धनुष्य ताणलेलें. डोंगर-आकाशाची फिकीर फारशी कोणी केलेली नाहीं. शाळेंत चित्रकला शिकलेल्या माणसास तीं ओबडधोबड वाटतील. पण देवळाच्या मंडपांत, दिव्याच्या उजेडांत, दहा हात दूर बसलेल्यास बाण कोणाचा आणि छाती कोणाची हें कळावें, एवढ्यासाठीं तीं होतीं.

कला जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकांतल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथांत चित्रकथकाचा उल्लेख येतो. सावंतवाडीच्या भोसल्यांनीं ठाकरांना आश्रय दिला आणि कोणीं कोणत्या देवळांत कथा करावी तें नेमून दिलें, अशी परंपरा आहे. शिवकालांत हे लोक हेरगिरी करीत, हीही एक आख्यायिका. ती ऐकावयास गोड, पण मला महत्त्व वाटतें तें त्या नेमाचें. नवरात्र आलें कीं पोथी सोडावयाची, मग कोणाचें मन असो वा नसो. या नेमानें कलेला ऋतु दिला, श्रोता दिला, आणि हात चालता ठेवला. त्याच्या बदल्यांत चित्रकाराचें नांव मात्र मागेंच राहिलें.

१९४८ सालीं सावंतवाडी संस्थान विलीन झालें. राजाश्रय सरला, श्रोता सिनेमाकडे वळला. नुसत्या नेमावर चूल पेटेना. अशा वेळीं छंदच उपयोगी पडला, आणि तोही दुसऱ्याच कोणाचा. पुण्याचे दिनकर केळकर चष्म्यांचा धंदा करीत, ‘अज्ञातवासी’ या नांवानें कविता लिहीत, आणि उरलेल्या वेळीं जुन्या वस्तु जमवीत. त्यांच्या राजा केळकर संग्रहालयांत चित्रकथीचीं चित्रें आलीं. अशीं चित्रें पैठणास सांपडल्यामुळें या शैलीला पुष्कळ दिवस ‘पैठणी’ म्हणत. पिंगुळीचें नांव मागाहून पुढें आलें. केळकरांच्या छंदाचे उपकार मोठेच. तथापि कांचेमागें गेलेलें चित्र मुकें होतें, आणि पाठीला पाठ लावलेल्या दोन चित्रांपैकीं एक भिंतीकडे तोंड करून बसतें. तिकडचा योद्धा कोणावर बाण सोडतो आहे, तें पाहणारास कळतही नाहीं.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांनीं वेगळी वाट धरली. त्यांनीं २००६ सालीं आपल्या गुरांच्या गोठ्यांतच ठाकर आदिवासी कला आंगण हें संग्रहालय उभें केलें. चित्रें, कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्या तेथें ठेविल्या, आणि २०२१ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. आतां भिंतीवर लावण्यासाठीं सुटीं चित्रें रंगवून विकलींही जातात. यांस नांवें ठेवणारे आहेत. मला त्यांचें म्हणणें पटत नाहीं. रंगविणाऱ्याचें पोट भरलें तर त्याचा हात थरथरणार नाहीं. पण विकलेल्या चित्राला आधीचें आणि पुढचें चित्र नसतें. रावणानें उचललेली तलवार त्यांत उचललेलीच राहते. ती खालीं आणावयाची तर पोथी सोडून, वीणा घेऊन, कोणी तरी सबंध रात्र बसावें लागतें.