काल दोन रेघा, आज एक

परवा नाकाडोंगरीच्या बसस्टॉपवर एका सासूनं आशाताईला सगळ्यांदेखत विचारलं, "चार दिवसांमागं दोन रेघा होत्या, आज एकच. सून खोटं काऊन बोलली?" आशाताई समजावत होती, कोणी ऐकेना.

मंडळी, सून खोटं बोलली नव्हती. पट्टीही खोटी नव्हती.

1927 साली बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक या डॉक्टरांनी बाईची लघवी उंदरांच्या माद्यांना टोचून दिवस गेले का ते ओळखलं. उंदीर मारून बघावे लागत आणि निकालाला काही दिवस लागत. मग आफ्रिकेतली बेडकी आली. गरोदर बाईची लघवी टोचली की ती काही तासांत अंडी घालायची. 1960 मध्ये स्वीडनच्या वाइड आणि जेमझेल यांनी प्राण्याशिवाय चाचणी केली, पण ती गरोदरपणाचं एचसीजी आणि पाळीच्या चक्रातलं एलएच यांत गल्लत करायची, कारण दोन्ही बरीच सारखी. म्हणून ती बोथटच ठेवावी लागे. 1972 मध्ये अमेरिकेत जुडिथ वैतुकैटिस आणि सहकाऱ्यांनी एचसीजीचा वेगळा असणारा बीटा भाग नेमका पकडला, आणि अगदी सुरुवातीचा गर्भ कळू लागला.

कळू लागला तसा गेलेलाही कळू लागला. 1988 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नॉर्थ कॅरोलायनातल्या 221 बायकांची रोजची लघवी तपासली होती. 198 वेळा गर्भ राहिला, त्यातले 22 टक्के डॉक्टरला कळण्याआधीच गेले. नंतरचे धरून 31 टक्के. आपल्या आज्यांचं असं व्हायचं नाही थोडंच! त्या "पाळी लांबली" म्हणायच्या अन् रोवणीला जायच्या.

असा लवकर पडलेला गर्भ बहुतेक वेळा गुणसूत्रांच्या चुकीमुळं पडतो. पपई, स्कुटी, सुनेचा पायगुण, यातलं काही नाही.

उलटंही होतं. गर्भ गेल्यावर एचसीजी अंगातून जायला दिवस, कधी आठवडे लागतात, तोवर दोन रेघा येतच राहतात. भरपूर पाणी पिऊन केली तर आहे तेही दिसत नाही. उशिरा बघितली तर वाळलेली पट्टी फिकी रेघ दाखवते. सरकारी किटचं नाव "निश्चय", पण खरा निश्चय 48 तासांच्या अंतरानं केलेल्या रक्ताच्या दोन तपासण्या आणि सोनोग्राफीनंच होतो. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर गर्भ नळीत असू शकतो. तेव्हा रेघा मोजत बसू नका, गाडी काढा.

आपल्याकडं डोंगरी बुजुर्ग, चिखल्याच्या मँगनीज खाणी आहेत, म्हणून हेही सांगतो. 1961 चा प्रसूती लाभ कायदा 2025 पर्यंत खाणींनाही लागू होता, आता त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हाच नियम आहे. 26 आठवड्यांपर्यंत केव्हाही गर्भ पडला तर सहा आठवडे पगारी रजा. पाचव्या आठवड्यातलाही त्यात बसतो, फक्त पुरावा लागतो. पट्टी तर उकिरड्यावर गेलेली असते. म्हणून दोन रेघा आल्या की लगेच दवाखान्यात नोंद करा आणि कागद जपून ठेवा.