थायरॉइडचा रिपोर्ट कसा वाचावा?

लॅबमधून थायरॉइडचा रिपोर्ट मोबाईलवर येतो, एका आकड्यापुढे खूण दिसते आणि घरात काळजी सुरू होते. उधना, लिंबायत, डिंडोलीपासून अडाजणपर्यंतच्या आपल्या कुटुंबांमध्ये हा अनुभव नवा नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या देशातील आठ शहरांच्या पाहणीत सुमारे 11 टक्के प्रौढांमध्ये थायरॉइडचे काम मंद आढळले. त्या शहरांत मुंबई आणि अहमदाबादही होते. म्हणून ही प्राथमिक माहिती आम्ही येथे देत आहोत.

ग्रंथीचे काम

गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. ती टी-4 आणि टी-3 ही संप्रेरके तयार करते. शरीराचा वेग त्यांच्यावर चालतो. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी टीएसएच सोडून थायरॉइडला कामाला लावते. थायरॉइड मंदावली की पिट्युटरी जास्त जोर लावते. म्हणूनच टीएसएच वाढलेला असेल, तर थायरॉइड कमी काम करत असण्याची शक्यता असते. येथेच अनेकांचा गोंधळ होतो.

आकडे कसे पाहावेत

बहुतेक लॅबमध्ये टीएसएचची मर्यादा साधारण 0.4 ते 4.5 च्या आसपास असते. आपल्या रिपोर्टवर छापलेली मर्यादाच धरावी.

- टीएसएच जास्त, फ्री टी-4 कमी: थायरॉइडचे काम कमी झाले आहे. सहसा गोळी लागते.
- टीएसएच थोडा जास्त, फ्री टी-4 नॉर्मल: ही सीमेवरची अवस्था. बहुधा दोन-तीन महिन्यांनी तपासणी पुन्हा करतात. अनेकदा आकडा आपोआप खाली येतो.
- टीएसएच 10 च्या वर: फ्री टी-4 नॉर्मल असला तरी डॉक्टर बहुधा उपचाराचा विचार करतात.

अँटी-टीपीओ ही तपासणी पॉझिटिव्ह आली, तर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच ग्रंथीवर उलटली असल्याचे समजते. या आजाराला हाशिमोटो म्हणतात. जपानी डॉक्टर हाशिमोटो यांनी 1912 मध्ये त्याचे वर्णन केले.

रक्त देण्यापूर्वी

उपाशी राहण्याची गरज नसते. मात्र टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण त्याच वेळी रक्त द्यावे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगावे. त्यामुळे आकडे चुकू शकतात. मोठ्या आजारपणातला रिपोर्टही फसवा असू शकतो.

गोळी सुरू असेल तर

लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्ध्या ते एका तासाने करावा. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीत चार तासांचे अंतर ठेवावे. सांचा खात्यात रात्रपाळी असणाऱ्यांनी सोयीची वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासतात.

बरे वाटले किंवा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नये. तो नॉर्मल बहुधा गोळीमुळेच असतो. शेजारच्या काकूंची गोळी आपल्याला चालेल असेही समजू नये. जास्त डोसमुळे, विशेषतः ज्येष्ठांमध्ये, हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

सुना-लेकींसाठी विशेष

दिवस राहिल्याचे कळताच, गोळी घेणाऱ्यांनी लगेच डॉक्टरांना भेटावे. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या संप्रेरकावर अवलंबून असते आणि डोस सहसा वाढवावा लागतो. "गोळी गरम पडेल" म्हणून ती थांबवणे बाळासाठी धोक्याचे आहे.

मिठाबद्दल

सैंधव मीठ उपासापुरते ठीक आहे. त्यात आयोडीन फारसे नसते, म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच वापरावे. आयोडीनच्या वेगळ्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

कधी दाखवावे

सतत थकवा, थंडी सहन न होणे, वजन वाढणे, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, केस गळणे, पाळीत बदल किंवा गळ्याला सूज असेल तर तपासणी करावी. ही लक्षणे रक्त कमी असल्यानेही दिसतात, म्हणून स्वतःच निष्कर्ष काढू नये. खासगी डॉक्टर परवडत नसतील, तर न्यू सिव्हिल हॉस्पिटल किंवा महापालिकेच्या स्मीमेर हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवता येते. जुने सर्व रिपोर्ट एका फाईलमध्ये लावून बरोबर न्यावेत. एका आकड्यापेक्षा आकड्यांची चाल डॉक्टरांना जास्त सांगते.