गिलिक खटला : पालकांचा अधिकार आणि मुलीची समज

सोळा वर्षांखालील मुलीस संततिनियमनाचा सल्ला वा साधने देण्यापूर्वी डॉक्टरने तिच्या आईवडिलांची संमती घेतलीच पाहिजे काय, या प्रश्नाचा इंग्लंडमधील अंतिम निर्णय हाऊस ऑफ लॉर्ड्सने १७ ऑक्टोबर १९८५ रोजी दिला. वरवर पाहता हा वैद्यकीय आचाराचा प्रश्न होता. वस्तुतः ‘पालकांचा अधिकार’ या शब्दप्रयोगाचा अर्थ काय, हाच वादाचा गाभा होता.

१९६९ च्या कौटुंबिक कायदा सुधारणा अधिनियमाने सोळा वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीची उपचारांस दिलेली संमती प्रौढाच्या संमतीइतकीच ग्राह्य मानली. त्याखालील वयाविषयी निश्चित नियम नव्हता. डिसेंबर १९८० मध्ये आरोग्य खात्याने परिपत्रक काढले. डॉक्टरने मुलीस आईवडिलांना विश्वासात घेण्याविषयी सांगावे. मात्र अपवादात्मक प्रसंगी त्यांच्या संमतीवाचून साधने देणे डॉक्टरच्या विवेकावर राहील, असा त्याचा आशय होता. आपल्या पाच मुलींच्या बाबतीत असे होणार नाही, ही हमी व्हिक्टोरिया गिलिक यांनी स्थानिक आरोग्य मंडळाकडे मागितली. ती न मिळाल्याने त्या न्यायालयात गेल्या. सोळा वर्षांखालील मुलीशी शरीरसंबंध हा १९५६ च्या अधिनियमान्वये अपराध असल्याने त्यांची बाजू निराधार म्हणता येत नव्हती.

१९८३ मध्ये न्यायमूर्ती वुल्फ यांनी त्यांचा दावा फेटाळला. २० डिसेंबर १९८४ रोजी अपील न्यायालयाने तो एकमताने मान्य केला. त्यामुळे पुढील सुमारे दहा महिने, तातडीचा प्रसंग वा न्यायालयाची परवानगी वगळता, घरी हा विषय काढूच न शकणाऱ्या मुलीस डॉक्टरचे दारही बंद झाले.

जुन्या विचाराचे स्वरूप १८८३ च्या ॲगर-एलिस खटल्यात स्पष्ट दिसते. सोळा वर्षांच्या मुलीने सुट्टी आईसमवेत घालवू नये, ही पित्याची इच्छा तेव्हा न्यायालयाने अबाधित राखली होती. तेथे ‘अधिकार’ म्हणजे स्वामित्व. १९६९ मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी या मतावर टीका करून, मूल वाढते तसा हा अधिकार क्षीण होत जातो व अखेर केवळ उपदेशापुरता उरतो, असे प्रतिपादन केले. हाच धागा लॉर्ड फ्रेझर व लॉर्ड स्कार्मन यांनी पुढे नेला. अधिकार पालकासाठी नसून मुलाप्रती असलेले कर्तव्य पार पाडण्यासाठी आहे. मुलीस पुरेशी समज आली की निर्णय तिचा, असे त्यांनी ठरविले. अशा रीतीने ठरावीक वयाची जागा समजशक्तीने घेतली.

तथापि हा विजय निसटता होता. लॉर्ड्समध्ये निर्णय तीन विरुद्ध दोन असा झाला. तिन्ही न्यायालयांतील नऊ न्यायाधीशांपैकी पाच गिलिक यांच्या बाजूचे होते. शिवाय मुलीस मिळालेला अधिकार सशर्त होता. तिला सल्ला समजला पाहिजे. आईवडिलांना सांगण्यास ती राजी होत नसली पाहिजे. साधनांवाचूनही संबंध घडण्याचा संभव असला पाहिजे. साधने न दिल्यास तिच्या प्रकृतीस अपाय होण्याची भीती असली पाहिजे. आणि पालकांच्या संमतीवाचून साधने देणे तिच्या हिताचे असले पाहिजे, अशा पाच कसोट्या लॉर्ड फ्रेझर यांनी घातल्या. २००६ मध्ये ॲक्सन खटल्यात उच्च न्यायालयाने हेच तत्त्व कायम राखले.

या कसोट्या लावणारा डॉक्टरच असतो. पालकांच्या हातून सुटलेला निर्णय मुलीकडे आला खरा. परंतु तिची समज पुरेशी आहे की नाही, हे ठरविणे मात्र तिच्या हाती आले नाही.